ठकूबाईचे पांढरे दोरे

फार फार वर्षं झाली, तेव्हा आपल्या टेकडीवर कवठाचं रान होतं. उगं दोनचार झाडं नाहीत, दिवसा अंधारून यायचं एवढं रान. आणि त्या रानाची नाडी बघायची ठकूबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात एक दात, पण कान असा की मुंगीला ठसका लागला तरी कळावं, असं म्हणतात.

शिवरात्र झाली की ती काठी घेऊन निघायची. खोडावर काठी मारायची. ठक्क वाजलं की झाड धडधाकट, ढब वाजलं की आतून पोकळ. म्हाताऱ्या झाडाला काळा दोरा, भर वयातल्याला तांबडा, पोराटकीला पांढरा. एका वर्षी ती खाली आली तर पांढरे दोरे सगळे तसेच हातात.

"पाटील, रानात लेकरूच नाही," ती म्हणाली. "फळं तुम्ही बियांसकट गिळता, उगवलंच काही तर शेरडं खातात. निम्मी कवठं झाडाखाली राहू द्या. शेरडं दोन पावसाळे बांधा."

"आणि चटणी कशाची करायची गं म्हातारे, तुझ्या काठीची?" गोंदाजी पाटील म्हणाला. सगळा पार खिदळला.

पण ठकूबाई वाटेत आडवीच पडली. निम्म्या फळांना कुणाला हात लावू देईना. मग पाटलानं शक्कल काढली. कवठाच्या हिरव्या फांद्या तोडल्या आणि टेकडीभर रोवल्या.

"ठकूमावशी, चल, तुझी लेकरं बघ!"

तिनं चाचपलं. काटा लागला, पानाला वास आला. दिसत तर नव्हतंच. ती तिथंच बसून रडली, आणि चाळीस फांद्यांना चाळीस दोरे बांधले. म्हणाली, "आता न्या रे बाबांनो, राखलेली फळंही न्या. रान तरलं."

नेली की! एक बी मागं ठेवली नाही.

ती रोज ओढ्याचं पाणी घालायची. आठवड्यात पानं झडली. हातात नुसती काटकी आली तेव्हा तिला कळलं. पाणी मात्र ती घालतच राहिली. पावसाच्या तोंडावर त्या काटक्यांतच मरून पडली. त्या दिवशी कुणी न मारता टेकडीवरचं एकेक खोड ढब वाजलं, असं म्हणतात. मग दर वावटळीला एक झाड पडत गेलं. शेवटचं पडलं तेव्हा पाटील म्हातारा झाला होता. तो त्या खोडावर काठी आपटत बसायचा.

अजून शिवरात्रीला आपल्याकडं घरटी एक वाळकी फांदी टेकडीवर रोवतात, पांढरा दोरा बांधतात, तांब्याभर पाणी घालतात. बाजारातून विकत आणलेलं एक कवठ न फोडता तिथं ठेवतात. शेजारची गावं हसतात, हसू द्या. ठकूबाईच्या नावानं त्या दिवशी सगळी शेरडं दावणीला असतात.

दुसऱ्या दिवशी सोडतात.