पहिलं दूध

नदीकाठच्या एका गावात मथुरा नावाची वैद्यीण एकटीच राहत होती. तान्ही मुलं का दगावतात, याचा शोध घेण्यात तिचं तारुण्य सरलं. लग्न राहिलं ते राहिलंच.

त्या गावात मूल जन्मलं की आईचं पहिलं, पिवळसर दूध नासकं म्हणून पिळून टाकत आणि बाळाला मध चाटवत. मथुरेनं घरोघरी फिरून पाहिलं. आईचं पहिलं दूध मिळालेली मुलं तरत होती, मधावर ठेवलेली आजारी पडत होती. तिनं देवळापुढे उभं राहून हे सगळ्यांना सांगितलं. झालं, बायका तिच्यावर रुसल्या. मूल तापलं की तिला बोलावत, पण बारशाला कुणी बोलावत नसे. मूल नसलेल्या बाईची सावली नको म्हणे. तिचं औषध मात्र सगळ्यांना चालायचं.

मग मथुरेनं सांगणं सोडलं आणि विचारायला सुरुवात केली. एखाद्या आजीच्या गोठ्यात बसून ती म्हणे, "गाय व्याली की वासराला पहिलं दूध पाजता का हो?"

"पाजणार नाही तर काय? वासरू उभं कसं राहील?"

मथुरा तेवढ्यावरच उठे. घरी जाऊन आपल्या एकटीपुरती भाकरी थापी. पुढे कधीतरी तीच आजी सुनेला म्हणे, "पाजून बघ गं." असं एकेक घर करता करता मथुरेचे केस पिकले, आणि गावातली तान्ही मुलं जगू लागली.

एकदा गावातल्या गोदाक्काच्या धाकट्या सुनेला मुलगी झाली. मथुरा बाळंतिणीला तपासायला आली होती. सुनेची आई परगावची. ती मधाची वाटी घेऊन पुढे झाली, तशी गोदाक्कानं तिला अडवलं.

"विहीणबाई, मध नको. पहिलं दूधच पाजायचं. आमच्याकडे पूर्वापार हीच रीत आहे."

विहीणबाईंना पटेना. त्यांनी मथुरेला विचारलं, "खरंच जुनी रीत आहे, की कुणी नवं खूळ काढलंय?"

मथुरेच्या अगदी ओठांवर आलं, 'मीच काढलंय. आणि याच गोदाक्कानं मला तेव्हा दारातून हाकललं होतं.' सगळं आयुष्य तिनं या एका गोष्टीपायी घालवलं होतं. एकदा तरी कुणी आपलं नाव घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण ती गोष्ट नवी ठरली असती, तर मध बाळाच्या तोंडात गेला असता.

"गोदाक्का सांगतात तसंच करा," ती म्हणाली. "या घरातली मुलं त्यावरच वाढली आहेत."

विहीणबाईंनी वाटी खाली ठेवली. बाळ आईला लुचू लागलं. गोदाक्का खूश झाली आणि मायेनं म्हणाली, "मथुरे, तुला मूलबाळ नाही, म्हणून सांगते. पहिलं दूध कधी टाकू नये. ध्यानात ठेव हो."

"ठेवीन," मथुरा म्हणाली, आणि आपली पिशवी उचलून घरी गेली.

तात्पर्य: चांगली गोष्ट लोकांना आपलीच वाटू लागली, की ती सांगणाऱ्याचं काम झालं. मन दुखलं तरी तिथे आपलं नाव मागू नये.