शंभर भोपळे आणि एक हुकूम

मोरवंडीच्या राजेसाहेबांनी हुकूम काढला. यंदा मळ्यातले शंभर लाल भोपळे वैशाखापर्यंत टिकले पाहिजेत. एक जरी सडला, तरी माळ्याने बायकोसह संस्थानाबाहेर चालू लागावे.

राजेसाहेब तुळाजीरावांना भर उन्हाळ्यात भोपळ्याचे घारगे लागत. भोपळे ठेवायचे कसे, तेही त्यांनीच दरवर्षीच्या हुकमात लिहून दिले होते. देठ दिसायला ओंगळ, म्हणून कापायचे. मग भोपळे धुवायचे, तळघरात एकावर एक रचायचे आणि कुलूप घालायचे. गेल्या वर्षी होळीच्या आतच असा वास सुटला की पहारेकरी नाकाला पागोटे लावून उभे राहिले. जुन्या माळ्याने आधीच हात जोडून सांगितले होते, की देठ वीतभर राखावा, भोपळ्यांना चार दिवस ऊन दाखवावे आणि वाऱ्याच्या जागी गवतावर सुटे सुटे ठेवावेत. राजेसाहेबांना शिकवतो म्हणून त्याला हाकलून दिले. भोपळे सडल्यावर दरबाराने एकमताने ठरवले, की दोष भोपळ्यांचा.

नवा माळी सटवाजी हुकूम ऐकून बोचके बांधायला लागला. त्याची बायको हौसा मात्र कारभाऱ्यांकडे गेली. हुकूम तिने त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि घरी आली. वेल वाळले, सालीत नख रुतेनासे झाले, तेव्हा तिने भोपळे उतरवले आणि विळी मांडली.

वैशाखात राजेसाहेब दरबाऱ्यांना घेऊन तळघरापाशी आले. सगळ्यांनी अत्तराचे रुमाल नाकाशी धरले होते. कुलूप निघाले, पण वास आला नाही. आत भोपळाही दिसेना. भिंतीला लागून मातीच्या मडक्यांच्या उतरंडी तेवढ्या उभ्या होत्या.

"माझे भोपळे कुठे आहेत?" राजेसाहेब गरजले.

हौसाने एका मडक्याचे फडके सोडले. आत वाळलेल्या केशरी फोडी खुळखुळत होत्या.

"शंभरच्या शंभर इथंच हायेत, सरकार. हुकमाप्रमाणं धुतले, एकावर एक रचले, कुलूप घातलं."

"आणि हे तुकडे?"

"देठ कापा, असा हुकूम होता. विळी कुठं थांबवायची, ते त्यात लिहिलं नव्हतं. मी कापत गेले आणि उन्हात घालत गेले."

कारभाऱ्यांनी घाईने कागद उलगडला, खालपर्यंत वाचला आणि तसाच घडी घालून ठेवला.

हौसाने भिजवलेल्या फोडी शिजवून, गूळ घालून घारगे तळून आणले होते. राजेसाहेबांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. चौथा हातात घेऊन त्यांनी विचारले, "देठ कापला की भोपळा सडतो, हे तुला ठाऊक होतं. मग तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"आधीच्या माळ्यानं सांगितलं होतं, सरकार. सांगणारा गेला, हुकूम राहिला. मला इथं राहायचं होतं."

दरबारी छताकडे बघू लागले. राजेसाहेब मात्र इतके हसले की घारगा हातातून सुटला. त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढून हौसाला दिले, तळघराची किल्ली तिच्या स्वाधीन केली आणि जुन्या माळ्याला आणायला त्याच दिवशी गाडी धाडली.