एकोणचाळीस खाचांचा रथ

खूप जुनी गोष्ट. तेव्हा राज्ये लहान होती आणि रस्ते लांब होते. अशाच एका राज्याच्या दप्तरातून एक लेखनिक चाळीस वर्षे कागद लिहून निवृत्त झाला. राजाने त्याला एक शाल, एक नारळ आणि एक थैली दिली. शाल बायकोने घेतली, नारळाची चटणी झाली. उरली थैली.

तिचे काय करायचे, हे त्याने थैली मिळण्याच्या चाळीस वर्षे आधीच ठरवून ठेवले होते. दप्तराच्या खिडकीतून शर्यतीचे मैदान दिसे. सुगी सरली की तिथे रथ धावत. त्यांत एक तांबडा रथ होता. तो वळणावर आला की लेखनिकाच्या बोरूतून कागदावर शाईचा ठिपका पडे. त्या राज्याच्या जुन्या कागदांवर ठरावीक महिन्यातच ठिपके का आहेत, हे अजून कुणा पंडिताला उमगलेले नाही.

लग्नाच्या वर्षी तो बायकोला म्हणाला होता, "तुला माहेरी नेईन, तर त्या रथातून."

माहेर होते घाटाखाली. पुढे ती बैलगाडीतून पाच वेळा तिकडे गेली, आणि गेल्या बारा वर्षांत तर एकदाही नाही. आता तिच्या धाकट्या भावाच्या नातीचे लग्न निघाले. भावाचा निरोप आला, "ताई, मी थकलो आहे. यंदा ये. पुढच्याचं मला सांगता येत नाही."

लेखनिकाने थैली उचलली आणि जुन्या रथांच्या बाजारात गेला.

त्या राज्यात एक रीत होती. रथ शंभर कोस धावला की त्याच्या दांडीवर एक खाच पडे. गिऱ्हाईक आधी दांडीवरून बोट फिरवी आणि खाचा मोजी. कमी खाचा, चांगला रथ, एवढे शास्त्र सगळ्यांना पाठ होते. लेखनिकाचा शेजारी, राजाच्या धान्यकोठीचा कारभारी, त्याच महिन्यात निवृत्त झाला होता. त्याने नुकताच तीन खाचांचा, आरशासारखा लखलखीत रथ घेतला होता आणि तो बाजारात उगाच उभा होता, लोकांनी विचारावे म्हणून.

तांबडा रथ कोपऱ्यात होता. त्याचा रंग आता विटेसारखा झाला होता. खाचा एकोणचाळीस.

"काका, हा कोंबड्या ठेवायला बरा," व्यापारी म्हणाला.

"धावतो का?"

"धावायचं तेवढं धावून झालंय त्याचं."

"दप्तरदार," कारभारी लांबूनच म्हणाला, "तुमच्यात आणि त्याच्यात जास्त कोण झिजलंय, ते आधी बघून घ्या."

लोक हसले. लेखनिकही हसला, कारण मुद्दा बरोबर होता. पण त्याला खिडकीतून दिसलेले काहीतरी आठवत होते. शर्यत संपली की बाकीचे रथ पुसून झाकून ठेवत. तांबडा रथ मात्र लिंबाखाली जाई. एक सुतार त्याची चाके काढून बसे. जिंकणाऱ्यांच्या गळ्यातले हार सुकत, लोक घरी जात, तरी त्या माणसाचे काम चालूच असे.

लेखनिकाने थैली व्यापाऱ्याच्या हातात दिली.

बायकोने दारात रथ पाहिला. "हाच तो?"

"हाच."

"मला वाटलं होतं, मोठा असेल." मग ती चढून आत बसली, हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे. वचनही काही नवं नाही."

प्रवासाआधी वंगण भरावे म्हणून लेखनिकाने त्या सुताराला शोधून काढले. त्याला आता डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते. त्याने दांडीवर बोटे फिरवली.

"एकोणचाळीस. सगळ्या माझ्या हातच्या."

"फार झाल्या म्हणतात, बाबा."

"म्हणणाऱ्यांना खाच कोण पाडतो ते ठाऊक नाही, मालक. शंभर कोस झाले की रथ सुताराकडे यायचा. चाकं काढायची, आस तपासायची, खीळ बदलायची, वंगण भरायचं. हे सगळं झालं, मग खाच. जो रथ सुताराकडे आलाच नाही, त्याला खाच कुठली?"

आणि दिवसभर खपून त्याने चाळिसावी खाच पाडली.

लेखनिकाने हे जाऊन कारभाऱ्याला सांगितले. त्यालाही त्या लग्नाचे बोलावणे होते.

"तुमच्या सुताराला दिसतं किती?" कारभारी म्हणाला. "मी पुढे होतो. मांडवात तुमची दोन पानं राखून ठेवतो."

सकाळी तो पुढे गेला. भाड्याचे घोडे जोडून हे दोघे मागून निघाले.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर लखलखीत रथ आडवा पडलेला दिसला. एक चाक दरीत गेले होते आणि त्यामागून कारभाऱ्याचे पागोटे. तो स्वतः धडधाकट होता, दगडावर बसून घोड्यांचे लगाम धरून होता. आस मोडली होती. मोडलेल्या जागी लाकूड कोळशासारखे काळे पडले होते. तिसऱ्या खाचेनंतर तिथे वंगणाचा थेंब पोचलाच नव्हता.

लेखनिकाने रथ थांबवला. त्याची बायको बोलली.

"बसा, भाऊजी. पानं दोन राखायची होती ना? आता तीन राखावी लागतील."

कारभाऱ्याने आपले घोडे मागे बांधले आणि रथात बसला.

घाट उतरल्यावर सरळ रस्ता लागला. लेखनिकाने लगाम सैल सोडला. रथ धावला, लिंबाखालच्या त्या हातांची आठवण असल्यासारखा धावला. बायकोने नवऱ्याची बाही घट्ट धरली, लग्नाच्या वर्षी धरायची तशी. वेशीवर काठी टेकून तिचा म्हातारा भाऊ उभा होता. मुहूर्ताला अजून अवकाश होता, पण तो मुहूर्तासाठी उभा नव्हता.

ही हकिगत बाजारात पोचली. पुढच्या सुगीला गिऱ्हाइके जास्त खाचांचा रथ मागू लागली. व्यापाऱ्यांनी महिन्याभरात सगळ्या रथांवर चाळीस चाळीस खाचा पाडून ठेवल्या. एखादा शहाणा असा रथ ओढत म्हाताऱ्या सुताराकडे नेई. सुतार बोटे फिरवी आणि म्हणे, "यातली एकही माझी नाही."

म्हणून बाळांनो, आणि तुमच्या आजोबांनो, जुनी वस्तू घेताना ती ज्या हातांनी सांभाळली, त्या हातांची चौकशी आधी करावी.