सर ऑगस्टस यांचं पत्र

लंडनमधल्या एका सरकारी कचेरीत हार्कनेस नावाचा कारकून होता. सरकारने सोपं लिहावं, हा त्याचा हट्ट. त्यापायी वीस वर्षांत बढती नाही. महायुद्धात कचेरीकडे काम आलं, मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रं धाडण्याचं. हार्कनेसने लिहिलं, "तुमचा मुलगा लढाईत मारला गेला. आम्हाला फार वाईट वाटतं." त्याचे वरिष्ठ सर ऑगस्टस यांनी तो कागद टराटरा फाडला. "ही काय सरकारी भाषा झाली? माझंच पत्र जाईल!"

एका सकाळी मिसेस डॉब, एका सैनिकाच्या आई, ते पत्र घेऊन आल्या. "साहेब, गावात कुणालाच कळेना."

सर ऑगस्टस भडकले. "यात न कळण्यासारखं आहे काय?"

"मग आपणच वाचून दाखवा," हार्कनेस म्हणाला. "बाई रडायला लागल्या की थांबा."

साहेबांनी घसा खाकरला. "सदर सैनिकाची गणना उपरोक्त कारवाईअंती कार्यरत मनुष्यबळात करणे यापुढे शक्य नसल्याची नोंद घेण्यात आली आहे..." पत्र संपलं, तरी साहेबांना थांबायला जागा सापडली नाही.

"असं होय," म्हणत बाईंनी पिशवीतून लोकरीचे मोजे काढले. "एवढे त्याला पोचते कराल? तिकडे थंडी फार आहे म्हणे."

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. हार्कनेसने बाईंचा हात धरला आणि फाडलेल्या कागदावरचं पहिलं वाक्य सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून हार्कनेसचं पत्र जाऊ लागलं. कुणी पाठ थोपटली की तो म्हणायचा, "जिंकलो खरा, पण ते मोजे अजून माझ्या खणात आहेत."