भिवाने वाट लावली

एका गावात एक भोळा दूधवाला होता. गाव खडकदरे, दूधवाल्याचं नाव भिवा. सायकलला दोन किटल्या अडकवून तो खडा चढ असा चढायचा की म्हशींना लाज वाटावी. पायात बळ भरपूर होतं. बाकीच्या ठिकाणी देवाने हात जरा आखडता घेतला होता.

त्याची चुलतबहीण सुगंधा डोंगरावर सायकल चालवायची. शेळ्यांच्या पायवाटा जोडून तिने माथ्यापासून गावापर्यंत एक झकास वाट काढली होती. जिल्ह्याची डोंगर-सायकल शर्यत यंदा खडकदऱ्यात व्हायची की नदीपलीकडच्या माळदऱ्यात, एवढंच ठरायचं होतं. माळदऱ्याचं नाव निघालं की सुगंधाला घास गिळवत नसे. शर्यतीच्या पंचांनी सांगितलं होतं, रविवारपर्यंत वाटेचा व्हिडिओ पाठवा, मग बघू.

त्या उतारावर सुगंधामागे टिकेल असा गावात एकटा भिवाच. तिने त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा बांधला.

"हे बटण दाबायचं आणि माझी पाठ सोडायची नाही. कळलं?"

भिवाने मान हलवली. भिवाची मान फार छान हलायची.

खाली आल्यावर सुगंधाने व्हिडिओ लावला. अकरा मिनिटं नुसता तिचा पिवळा सदरा. ना दगड, ना झाड, ना डोंगर. फक्त खांद्यापाशी उसवलेली शिवण तेवढी स्पष्ट आली होती.

"हे काय रे?"

"तुझी पाठ. सोडली न्हाई."

"अरे, लोकांना माझी पाठ कशाला दाखवायची? पाठ नको, वाट बघ, वाट!"

भिवाने मान हलवली. दोघं पुन्हा वर गेली. सुगंधा सुसाट खाली आली, मागे वळून बघते तर भिवा नाही. तासाभराने ती सायकल ढकलत वर पोचली. भिवा जागच्या जागी उभा. एक शेळी त्याच्या सायकलचं हँडल चाटत होती, आणि व्हिडिओत एक तास दहा मिनिटं तीच शेळी होती.

"तू आलाच का नाहीस?"

"तूच म्हनलीस, वाट बघ. बघत हुतो."

सुगंधाने कपाळावर हात मारून घेतला. "वाट बघ म्हणजे उभा राहा असं नव्हे रे बाबा! वाट बघ म्हणजे डोळे वाटेवर ठेव आणि हाण सायकल. आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही."

भिवाने मान हलवली. तिसऱ्या खेपेला सुगंधा वळणावर करवंदीच्या जाळीत पडली. "भिवाऽ, थांब!" भिवा बाजूने निघून गेला. वाट संपली, गाव संपलं, भिवा चाललेलाच. शेवटी तो सायकलीसकट नदीत कमरेएवढ्या पाण्यात सापडला.

"मी थांबलो न्हाई, अक्का. नदी आडवी आली."

सुगंधा अंगातले काटे काढत व्हिडिओ बघू लागली आणि काटे काढायचं विसरली. अख्खी वाट आली होती, दगडन् दगड. वर एक बाई जाळीत पडतानाही दिसत होती. पंचांना तर तेवढंच जास्त आवडलं. शर्यत खडकदऱ्याला मिळाली, आणि सुगंधा त्या आनंदात चक्क रडली.

शर्यतीच्या दिवशी चाळीस सायकलवाले आले. वाटेला फाटे फार, म्हणून पुढे कुणीतरी माहीतगार हवा होता. सुगंधाला गावाच्या वेशीवर, शेवटच्या पताकेपाशी उभं राहायचं होतं. म्हणजे राहिला भिवा.

खाली जाण्याआधी माथ्यावर ती चाळिसांना म्हणाली, "याची पाठ सोडू नका." भिवाला म्हणाली, "मी पताकेपाशी तुमची वाट बघते."

भिवाने मान हलवली.

अर्ध्या तासाने धुरळा उडवत भिवा आला. मागे चाळीस सायकली. ढोल वाजू लागला. सरपंच हार घेऊन पुढे झाले. भिवाने बघितलं, अक्का पताकेखाली नुसती उभी. त्याला फार वाईट वाटलं. इतकं शिकवून हिच्याच लक्षात नाही.

"अक्का, उभी काय ऱ्हायलीस? वाट बघ म्हंजी उभं ऱ्हायचं नसतंय!" असं म्हणून तो पताकेखालून पुढे निघून गेला.

पुढचा थांबला नाही, म्हणजे शर्यत संपली नाही, असं चाळिसांनी धरलं. शहाणी माणसं भोळ्याच्या मागे लागली की अशीच पळतात. भिवाने या खेपेला नदी आडवी येऊ दिली नाही. तो पुलावरून गेला. माळदऱ्याच्या चावडीपुढे रस्ता संपला, तेव्हा कुठे सायकली थांबल्या.

माळदरेकरांनी घाईघाईने हार आणले. हलवायाने पेढे वाटले. पंच जीपमधून पोचले, चावडीपुढचं मोठं पटांगण बघितलं, दोन पेढे खाल्ले आणि जाहीर केलं की शेवट इथेच धरला, आणि पुढच्या वर्षापासून शर्यतही इथेच.

सुगंधा धापा टाकत आली तेव्हा सगळं उरकलं होतं.

"भिवा," ती कशीबशी म्हणाली, "वाट लावलीस रे आपल्या गावाची."

भिवाची छाती फुगली.

"व्हय अक्का. पार माळदऱ्यापत्तुर लावली."