धुरपाचा रिकामा झोका

आपल्या पणजीला तिच्या पणजीनं सांगितलेली ही गोष्ट. कडेवाडीत तेव्हा धुरपा नावाची बाई होती. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. ती हातांवर सरकत फिरायची आणि दिवसभर अंबाडीचे दोर वळायची. बोलायला मात्र भारी तिखट. गावची रीत अशी, की नवा दोर वळणारीनं आधी स्वतः त्याला लोंबकळून दाखवायचं, मगच तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

एकदा पुरुषमाणसं मोहिमेवर गेलेली आणि गावाच्या एकुलत्या वाटेवर धुरळा उठला. पेंढारी आले होते. ते बायका-पोरं उचलून नेत. मागे नुसता उभा कडा.

"कड्यावरनं उतरायचं," धुरपा म्हणाली.

"आन् नवा दोर तुटला म्हंजे?" गावातली थोरली बायजाक्का म्हणाली.

धुरपानं काठावरच्या उंबराला दोराचा वेढा दिला, कड्याबाहेर लोंबकळली आणि हातांच्या जोरावर पुन्हा वर आली. मग खोडाला पाठ लावून एकेकीला खाली सोडू लागली. लेकरं आयांच्या पाठीशी बांधलेली. तिचे तळहात सोलवटले, पण दोर निसटला नाही.

शेवटी बायजाक्का उरली. "तू आधी जा गं, दोर मी सोडते."

"तुज्या थरथरत्या हातात माजा जीव देऊ व्हय? जा मुकाट."

बायजाक्का खाली टेकली. दोर बांधून धुरपाही उतरली असती, पण मग त्याच दोरानं पेंढारी आले असते. तिनं दोर खाली टाकून दिला.

बायका कपारीत अंग चोरून बसल्या. वर टापा वाजत होत्या. रडतं पोर आईनं पदराखाली घेतलं. टापा दूर गेल्या, दिवस कलला, तरी धुरपाची चाहूल नाही. बायजाक्का रडू लागली.

मग कड्यावरून माती घरंगळली. असं म्हणतात, उंबरानं तिला मुळांत दडवलं आणि कातळानं तिच्या बोटांपुरत्या खाचा करून दिल्या. धुरपा हातांवर लोंबकळत खाली आली. टेकताच म्हणाली, "रडताय काय? दोर गुंडाळा आधी, गुंता व्हईल."

कडेवाडीत आजही नागपंचमीला पहिला झोका रिकामा सोडतात. तो थांबेपर्यंत कुणी बोलत नाही. पोरी आयांचे पदर धरून उभ्या राहतात. झोका थांबला की गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणते, "उतरली गं धुरपा." मगच पोरी झोक्याकडे धावतात.