कौसाबाईचा कुस्करा

“साधूनं हे बघावं?”

या प्रश्नाभोवती रचलेल्या कथांचा एक लहानसा गट गोदावरीकाठच्या मठांतून सांगितला जातो. प्रश्न विचारणारा प्रत्येक पाठात शिष्यच असतो आणि तो संतापलेला असतो. बदलते ती बघण्याची वस्तू. सर्वांत जुन्या पाठात गुरू डोंबाऱ्याचा खेळ बघत भर बाजारात उभा राहतो. पुढच्या पाठांत कुस्तीचा फड येतो, मग जत्रेच्या तंबूतला सिनेमा. प्रस्तुत पाठ अलीकडचा आहे. त्यात गुरू दूरचित्रवाणीवर स्पेन देशातल्या भटकंतीची आणि खाण्यापिण्याची मालिका बघतो.

शेवटातही फरक आहे. प्रचलित पाठात शिष्य रागाच्या भरात त्या खेळाचे इतके बारीक वर्णन करतो की तोही दाराआडून सारे बघत होता हे उघड होते. श्रोते हसतात आणि कथा संपते. या पाठात ते हसू मध्येच येऊन जाते. सांगणाऱ्यांना पुढचे सांगायचे असते.

मठ पैठणच्या खालच्या अंगाला, नदीच्या उतरत्या काठावर होता. मठाधिपती सटवाजीबाबा. नियम जुना आणि कडक. भिक्षा मागायची, सगळ्या घरांचे अन्न एकाच पात्रात घ्यायचे, ते नदीवर नेऊन त्यावर पाणी ओतायचे आणि कालवून खायचे. जिभेला निवड करू द्यायची नाही, हा त्यामागचा हेतू.

सारंगधर हा पट्टशिष्य. त्याच्याइतके पाणी कुणी ओतत नसे. तो जेवत असताना माणसे दर्शनाला येत. आपली जीभ मेली आहे, असे तो स्वतःच सांगे, आणि ते खोटे आहे असे कुणाला वाटत नसे. येत्या माघी पौर्णिमेला बाबा त्याला गादीवर बसवणार, हे गावभर झाले होते.

बाबांचे गुडघे गेले होते. फिरणे संपले, भिक्षा संपली. प्रवचने ऐकता यावीत म्हणून शहरातल्या एका भक्ताने टीव्ही आणून दिला. बाबांनी काही दिवस प्रवचने ऐकली. मग एका दुपारी रिमोटवर बोट चुकले आणि ती मालिका लागली.

मालिकेत कुरळ्या केसांची एक प्रौढ बाई स्पेनमधल्या गावोगाव फिरे. तिच्या तोंडी हिंदी बोल बसवलेले होते. ती डोंगरातल्या वाड्यांवर जाई, कोळ्यांच्या होड्यांत बसे, दूरच्या देवस्थानाला पायी निघालेल्या लोकांबरोबर चाले आणि जिथे चूल दिसेल तिथे थांबे. पसरट परातीत भात शिजवणारे दोन म्हातारे भाऊ तळाच्या खरपुडीवरून भांडले, तेव्हा बाबांना हसता हसता ठसका लागला. एका आजीने सोललेल्या लसणाचे फोडणीत काय होते ते बघताना त्यांनी आवंढा गिळला आणि तो लपवला नाही.

हळूहळू आळीतल्या बायका ओसरीवर येऊन बसू लागल्या. सर्वांत पुढे कौसाबाई. ही मठाच्या कुंपणाला लागून राहणारी विधवा. मठाला पहिली भिक्षा तिच्या दारातून मिळे.

एके दिवशी मालिकेत मेंढपाळांचे जेवण दाखवले. त्यांनी शिळ्या पावाचा चुरा केला, तेलात लसूण आणि लाल मिरची टाकली आणि तो चुरा खरपूस परतला. सोबतीला द्राक्षे. ती बाई त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून एकाच कढईतून खाऊ लागली.

कौसाबाई पुढे सरकून बघत होती. मग ती बाबांना म्हणाली, हा तर कुस्करा. बाबा म्हणाले, तुझाच.

जन्मभर तिने शिळ्या भाकरीचा कुस्करा करून खाल्ला होता आणि दारात पाऊल वाजले की ताटली फळीखाली सरकवली होती. भिक्षेला मात्र नेहमी ताजी भाकरी. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटले, की यात लपवण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सारंगधराच्या पात्रात वाफाळता कुस्करा वाढला.

भाकरी कालची आहे का, असे त्याने विचारले. ती आनंदाने हो म्हणाली, टीव्हीतल्या मेंढपाळांसारखा केलाय म्हणाली.

त्याने पात्र तिच्या भिंतीशी पालथे केले. तिच्याकडूनच पाणी मागून घेतले आणि तिच्या पायरीवर पात्र घासून धुतले. उष्टे-शिळे साधूला वाढणारे घर या आळीत आजवर नव्हते, असे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले आणि बाकीची भिक्षा न मागता तो नदीवर स्नानाला गेला.

कौसाबाईने दार लावून घेतले.

स्नान करून तो मठात आला तेव्हा दुपार झाली होती. मालिका चालू होती. ओसरीवर बायका होत्या, कौसाबाईची जागा रिकामी होती. सारंगधर सरळ आत गेला आणि त्याने टीव्हीची वायर उपसली.

“साधूनं हे बघावं?”

बाबा काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

“वायर लाव.”

“आधी उत्तर द्या, बाबा. काय आहे त्यात बघण्यासारखं?”

“आता तूच दिसतोस त्यात. ती बाई बरी होती.”

तेव्हा सारंगधराचा तोल सुटला. त्या मालिकेत काय काय दाखवतात ते त्याने बाबांना सुनावले. डुकराच्या तंगड्या छताला टांगलेल्या, त्यांचे कागदासारखे काप, कडेची चरबी दिव्याच्या उजेडात आरपार दिसणारी. आठ पायांचा तो समुद्रातला प्राणी, तांब्याच्या हंड्यात बुडवून काढला की कसा आकसतो. अंजीर मधोमध चिरून त्यात मेंढीच्या दुधाचे चीज, वरून मधाची धार, आणि ती धार बोटावर आली की ती बाई बोट चाटते. असल्या गोष्टींवर मठाच्या गादीने जीव टाकावा?

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. अंजिराच्या दिवशी सारंगधर महाराज दारामागे बराच वेळ समई पुसत होते, असे एकीने हळूच सांगितले. ओसरीवर हसू पसरले.

बाबा हसले नाहीत.

“हसू नका गं,” ते बायकांना म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. “बघितलंस त्याचं मला काही नाही. सकाळी कौसाबाईच्या दारात काय केलंस?”

“शिळं अन्न टाकलं.”

“शिळं कशावरून?”

“त्यात विचारायचं काय? भाकरी वातड दिसत होती, वास वेगळा होता. तिनंही कबूल केलं.”

“तुला ताजं-शिळं कळतं?”

सारंगधराने हातातली वायर खाली ठेवली.

“जीभ मेली म्हणत होतास. माणसं बघायला येत होती. मी गादी द्यायला निघालो होतो.”

“मी नियम मोडलेला नाही. पाणी ओतायला आपणच शिकवलंत.”

“तुझ्या घासावर ओतायला शिकवलं होतं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तू ते तिच्या तोंडावर ओतलंस.”

सारंगधराचा राग ओसरलेला नव्हता. ती परदेशातली बाई मांस खाते, दारू पिते, तिचे पाहून मठाने आता आचार ठरवायचा का, असे त्याने विचारले. आवाजात टोमणा होता.

“ती दारात उभी राहते,” बाबा म्हणाले. “काय शिजलंय म्हणून विचारते. करणारीचं नाव विचारते. खाली बसते, खाते आणि करणारीकडे बघते… कौसाबाईचं माहेर कुठलं?”

सारंगधराला ते माहीत नव्हते.

“रोज पहिली भिक्षा तिची. तोंड कसं आहे तिचं, गोल का लांबट?”

“मी बायकांच्या तोंडाकडे बघत नाही, बाबा.”

“भाकरीकडे बघतोस.”

बाबांनी दाराकडे बोट केले.

“जा. तिच्याकडे मागून आण… नाही, आणू नकोस. तिथंच खा. नदीवर जायचं नाही.”

सारंगधराने पात्र उचलले.

“ते ठेव इथं. हातावर घे.”

“आणि तिनं नाही दिलं तर?”

“तर उभा राहा. पौर्णिमेला गादीवर बसायचंय ना? आधी तिच्या पायरीवर बसून ये. तिनं बसवलं नाही तर मीही बसवणार नाही.”

पात्र काढून घेण्याचा दंड या परंपरेतल्या इतर कथांतही आढळतो. तिथे तो शिष्याच्या हकालपट्टीची खूण असतो. इथे त्याला रिकाम्या हाताने त्याच आळीत परत पाठवले जाते, आणि सांगणारे नेमके या जागी थांबून श्रोत्यांकडे बघतात.

तो गेला. बायकाही उठून मागोमाग गेल्या, पण अंतर ठेवून.

त्याने भिक्षा मागितली, तेव्हा कौसाबाईने बंद दाराआडूनच उत्तर दिले.

“घरात काय न्हाई. हाय ते शिळं हाय.”

“तेच द्या.”

“सकाळी कोंबड्यांनी खाल्लं. त्यास्नी इचारा जाऊन.”

तो उभा राहिला. ऊन भिंतीवरून पायरीवर उतरले. शेजारच्या ओट्यावर पुरुषमाणसेही जमली. महाराज, आत या, आमच्याकडं ताजं आहे, असे कुणीतरी म्हणाले. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली सगळ्यांना दिसत होती. तो शरमेने उभा होता की हट्टाने, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही.

शेवटी दार उघडले. कौसाबाईचे डोळे लाल होते, आणि ते रडण्याने नव्हे.

“पाणी आणलं का धुवायला?”

“नाही.”

“मग सकाळी कशाला मागितलं माझ्याकडून? माझ्याच तांब्यातलं पाणी, माझीच पायरी. आळीला दाखवलंत की कौसानं साधूला उकिरडा वाढला. त्या टीव्हीत जमिनीवर बसून खात्यात ती माणसं. कुणी कुणाचं पालथं करत न्हाई.”

त्याने मान खाली घातली नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तोंड लांबट होते आणि हनुवटीवर गोंदण होते.

ती आत गेली. चूल पेटल्याचा धूर आला, मग लसणाचा वास. दार तिने उघडेच ठेवले होते. कालची उरलेली भाकरी तिने कुस्करताना सगळ्यांना दिसली. ती कढई घेऊन बाहेर आली आणि उलथन्याने कुस्करा त्याच्या तळहातावर ठेवला.

काही पाठांत इथे पळसाचे पान येते. बहुतेक सांगणारे मात्र हातच सांगतात.

चटका बसला. त्याने हात मागे घेतला नाही. तो पायरीवर बसला आणि खाऊ लागला. कौसाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

त्याने पहिला घास खाल्ला, मग दुसरा. काहीही मुकाट्याने गिळण्याची त्याची सवय जुनी होती. तेवढ्यावर तो सगळे संपवून उठू शकला असता, आणि आळीतल्या लोकांनी त्याच्या वैराग्याची कथा आणखी वाढवून सांगितली असती.

तिसरा घास त्याने तोंडाशी नेला आणि थांबला…

“कौसाबाई.”

तिचे नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते.

“यात मीठ नाही.”

“न्हाई घातलं,” ती म्हणाली. “मेलेल्या जिभेला कशाला मीठ?”

त्याने तळहातावरच्या कुस्कऱ्याकडे पाहिले. ओट्यावरचा एक म्हातारा खाकरला.

“पाहिजे,” सारंगधर म्हणाला. “थोडं द्या.”

कौसाबाई आत गेली, बरणीतून चिमूटभर मीठ घेऊन आली आणि ते त्याच्या तळहाताच्या कडेला ठेवले.